दहा राग, तीन यंत्रे आणि एक बेसवादक : चरणजीत सिंग यांच्या ध्वनिमुद्रिकेचे परीक्षण

चरणजीत सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका १९८२ साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे आपल्याकडे जिला सगळे एचएमव्ही म्हणूनच ओळखत त्या कंपनीने, बाजारात आणली. तिच्यातले काही भाग त्या काळी रेडिओवरून वाजलेही, पण रेकॉर्ड खपली नाही आणि थोड्याच काळात लोक तिला विसरून गेले. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीतल्या एका दुकानात तिची जुनी प्रत मिळाली, आणि २०१० साली त्याने ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या छोट्या कंपनीतर्फे ती नव्याने काढली. तेव्हापासून युरोप-अमेरिकेत या रेकॉर्डचा उल्लेख ‘जगातले पहिले ॲसिड हाउस’ (अमेरिकेतल्या शिकागो शहरात पुढे रूढ झालेला, यंत्रांवर चालणाऱ्या नृत्यसंगीताचा एक प्रकार) असा होऊ लागला आणि सत्तरीला आलेल्या एका वादकाचे नाव नृत्यसंगीताच्या इतिहासात जाऊन बसले. हे परीक्षण त्या पुनर्मुद्रित ध्वनिमुद्रिकेचे आहे. ती आज रेकॉर्डच्या रूपात मागवता येते आणि इंटरनेटवर ऐकायलाही मिळते. परभणी-हिंगोली-नांदेडच्या पट्ट्यात पेटी शिकणारी, भजनी मंडळात साथ करणारी, ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवणारी आणि डीजेचा व्यवसाय करणारी जी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहिले आहे. कारण या चारही प्रकारच्या माणसांना तिच्यात आपापल्या कामाचे काहीतरी सापडेल असे मला वाटते.

सुरुवातीलाच सांगतो की ‘पहिले ॲसिड हाउस’ ही बिरुदावली मला या रेकॉर्डच्या मुळावर आलेली वाटते. तिच्यामुळे रेकॉर्ड विकली गेली हे खरे. पण ऐकणारा मग शिकागोच्या आधी मुंबईत काय घडले याची तारीख-वार मोजत बसतो आणि समोर भूप कसा वाजला आहे, तोडी कसा वाजला आहे, याकडे त्याचे लक्ष जात नाही. रागसंगीत कानावरून गेलेल्या माणसाने ही रेकॉर्ड रागाच्याच कसोटीवर घासून पाहावी. त्या कसोटीवर तिचा काही भाग अस्सल उतरतो, काही भाग उतरत नाही, आणि उतरतो का व उतरत नाही का हे समजून घेण्यातच तिची खरी गंमत आहे.

त्यासाठी आधी यंत्रांची ओळख करून घेणे भाग आहे. ही ध्वनिमुद्रिका तीन यंत्रांवर उभी आहे आणि तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची आहेत. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांना रोलँड हे नाव नवे नाही. लग्नातल्या गाण्यांमागे वाजणारा ऑक्टोपॅड बहुतेक वेळा याच कंपनीचा असतो. पहिले यंत्र टीआर-८०८ : हे तालयंत्र १९८० साली आले, १९८३ साली त्याचे उत्पादन थांबले, आणि तेवढ्या काळात त्याचे सुमारे १२ हजार नग तयार झाले. त्यात खऱ्या ढोलाचा किंवा झांजेचा मुद्रित आवाज नाही. सगळे ठोके विजेच्या मंडलातून तयार होतात. म्हणूनच त्याचा बेस ड्रम कोणत्याही कातडी वाद्यासारखा वाजत नाही, तो एक खोल घुमारा आहे. दुसरे यंत्र टीबी-३०३, म्हणजे एक छोटासा चंदेरी डबा. तादाओ किकुमोतो या अभियंत्याने तो घडवला, १९८१ च्या अखेरीस तो बाजारात आला, आणि एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बेस गिटारवाल्याची साथ यंत्रातून मिळावी हा त्याचा हेतू होता. तो हेतू साफ फसला. त्यातून येणारा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता, शिवाय त्यात स्वर भरण्याची पद्धत इतकी किचकट होती (स्वर आधी आणि त्यांचा कालावधी नंतर, असे वेगवेगळे भरावे लागत) की १९८४ पर्यंत सुमारे १० हजार नग काढून कंपनीने तो बंद केला. तिसरे यंत्र ज्युपिटर-८, १९८१ सालचा मोठा आणि महागडा सिंथेसायझर, ज्यावर एका वेळी आठ स्वर धरता येतात.

पुढे काय घडले ते नृत्यसंगीताच्या वर्तुळात सर्वांना ठाऊक आहे. कोणी घेत नाही म्हणून ३०३ हे यंत्र अमेरिकेत जुन्या सामानाच्या दुकानांतून स्वस्तात मिळू लागले, शिकागोच्या तरुणांनी ते उचलले, आणि त्याच्या छोट्या बटणांशी, विशेषतः स्वराचा तजेला कमी-जास्त करणाऱ्या फिल्टरच्या बटणांशी, खेळता खेळता त्यांना एक अजब आवाज सापडला. पावसाळ्यात काळ्या रानातल्या चिखलातून पाय उपसताना जसा पचक् असा आवाज होतो, तसा काहीसा तो ओला, चिकट, वर खेचला जाणारा आवाज आहे. १९८७ साली ‘फ्युचर’ या तीन जणांच्या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही रचना निघाली आणि या प्रकाराला ॲसिड हाउस हे नाव रूढ झाले. चरणजीत सिंग यांनी तेच ३०३ आणि तेच ८०८ एकत्र जोडून आपली रेकॉर्ड केली ती त्याच्या पाच वर्षे आधी. शिकागोच्या मुलांना मुंबईच्या रेकॉर्डची गंधवार्ता नव्हती, आणि मुंबईच्या वादकाच्या मनात शिकागो असण्याचा प्रश्नच नव्हता.

मग त्याच्या मनात काय होते? याचे उत्तर त्याच्या कारकिर्दीत आहे. चरणजीत सिंग यांचा जन्म १९४० सालचा. १९६० च्या दशकापासून ते मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत वादक म्हणून काम करत होते. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा बहुतेक मोठ्या संगीतकारांच्या वाद्यवृंदात ते वाजवायचे : कधी गिटार, कधी ट्रान्झिकॉर्ड (विजेवर चालणारा अ‍ॅकॉर्डियन), पुढे सिंथेसायझर आणि बऱ्याचदा बेस गिटार. या शेवटच्या वाद्याकडे वाचकांनी नीट लक्ष द्यावे. ज्या डब्याने बेस गिटारवाल्याची जागा घ्यावी अशी कंपनीची अपेक्षा होती, तो डबा भारतात एका मुरलेल्या बेस गिटारवाल्याच्याच हाती पडला. बेसवाल्याचे काम मुख्य गाण्याच्या खाली राहून ते तोलून धरण्याचे असते. त्याला ऐकणारा दाद देत नाही, पण तो चुकला तर सगळे गाणे कोसळते. वीस वर्षे हे काम केलेल्या माणसाने ३०३ ला नुसते खेळणे म्हणून वापरले नाही. त्याने त्याला बेसचे काम दिले, आणि वर रागसंगीताच्या गरजेप्रमाणे तानपुऱ्याचेही काम दिले. ही रेकॉर्ड ऐकताना खालचा तो फिरता, न थांबणारा स्वरसमूह कानाला आधार देत राहतो आणि षड्ज कधी हरवू देत नाही. शिकागोच्या रचनांमध्ये हाच आवाज पुढे येऊन नाचतो. इथे तो बहुतांशी साथीला बसला आहे. दोन्हींतला मूळ फरक मला हाच वाटतो, आणि तो चरणजीत सिंग यांच्या व्यवसायातून आलेला आहे.

चित्रपटगीतांच्या सुरावटी नुसत्या वाद्यांवर वाजवलेल्या त्यांच्या रेकॉर्डही एचएमव्हीने काढलेल्या होत्या. त्या काळी अशा ‘इन्स्ट्रुमेंटल’ रेकॉर्डना चांगली मागणी असे. तालुक्याच्या गावी सिनेमागृहात खेळ सुरू होण्याआधी आणि मध्यंतरात तेच वाजत राहायचे. १९८० साली ‘कुर्बानी’ आला, डिस्कोची लाट आली, आणि प्रत्येक संगीतकाराला ठेका डिस्कोचाच हवासा झाला. चरणजीत सिंग यांनी पुढे मुलाखतीत सांगितले त्याचा आशय असा की चित्रपटांत सगळीकडे डिस्कोच चालला होता, तेव्हा त्याच ठेक्यावर काही निराळे करावे, तबला बाजूला ठेवून त्याच्या जागी डिस्कोचा ठेका घ्यावा आणि वर राग वाजवावेत, असे त्यांना सुचले. यंत्रे त्यांनी सिंगापूरहून आणली होती. निरनिराळी वाद्ययंत्रे एकमेकांशी जोडणारी मिडी ही पद्धत १९८३ साली आली. त्याआधी ही तिन्ही यंत्रे एका लयीत चालवणे हे वायरी, घड्याळाचे ठोके आणि चिकाटी यांचे काम होते. हे सांगण्याचे कारण एवढेच की ‘अपघाताने लागलेला शोध’ अशा सुरात या रेकॉर्डविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते मला पटत नाही. ३०३ मध्ये मालकंस भरायला माणसाला मालकंसही यावा लागतो आणि ३०३ ही यावे लागते.

आता प्रत्यक्ष रेकॉर्डकडे वळू. दहा राग आहेत, प्रत्येक पाच मिनिटांच्या आसपास. मूळ रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला भैरव, ललत, भूप, तोडी आणि मधुवंती. दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. जाणकाराच्या लगेच लक्षात येईल की हा क्रम उगाच लावलेला नाही. पहिली बाजू पहाटेपासून दुपार कलेपर्यंत जाते, फक्त भूप मध्येच सकाळी येऊन बसला आहे. दुसरी बाजू पावसाने सुरू होते, तिन्हीसांजेला यमन येतो, मग रात्र चढते, मालकंसाला मध्यरात्र होते आणि बैरागीने पुन्हा उजाडते. रेकॉर्ड काढणाऱ्या कोणीतरी, बहुधा खुद्द चरणजीत सिंग यांनीच, रागसमयाचे भान ठेवले होते असे यावरून मला वाटते. इंटरनेटवर एकेक तुकडा सुटा ऐकणाऱ्याला ही बांधणी कळत नाही, म्हणून पहिल्यांदा तरी सलग ऐकावी.

पाच स्वरांच्या रागांत ही रेकॉर्ड सर्वांत सरस आहे, आणि त्याला कारण आहे. भूप, कलावती, मालकंस आणि बैरागी या चारही रागांत स्वर मोजके, त्यांच्यातली अंतरे मोठी, आणि रागाचे रूप चलनावर अधिक अवलंबून. सूक्ष्म श्रुतींवर ते तोडीइतके विसंबलेले नसते. यंत्राला जे येते ते इथे पुरते. ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय आहे. कारखान्यात ती बेस गिटारच्या तारेवरून बोट सरकवल्यासारखा परिणाम यावा म्हणून दिली गेली, पण आपल्या कानाला ती मींडच वाटते. कलावतीत गंधारावरून पंचमाकडे आणि धैवतावरून कोमल निषादाकडे जाताना ही घसरण फार गोड लागते. वरच्या पट्टीत ज्युपिटरवर हाताने वाजवलेले काम चालते आणि त्यात कसलेल्या वादकाची सफाई आहे : तान घेताना स्वर एकमेकांवर चढत नाहीत आणि समेवर येताना घाई होत नाही. मालकंस मला या रेकॉर्डचा कळस वाटतो. ऋषभ आणि पंचम वर्ज्य, बाकीच्यांत गंधार, धैवत, निषाद तिन्ही कोमल. असा गंभीर राग नाचाच्या ठेक्यावर हलका होऊन जाईल अशी भीती ऐकण्याआधी वाटते. तसे होत नाही. ठेका जितका यांत्रिक चालतो, तितका वरचा मालकंस अधिक अंतर्मुख वाटू लागतो.

बैरागी हा पंडित रविशंकर यांनी प्रचारात आणलेला राग, म्हणजे या यादीतला तसा तरुण. कोमल ऋषभ आणि कोमल निषाद यांच्यामुळे तो पहाटेचा खिन्न रंग धरतो, आणि इथे तो अगदी नेमका उतरला आहे. यमनाविषयी मात्र फार सांगण्यासारखे नाही. वाजला व्यवस्थित आहे, पण यमनात ज्या विस्ताराची आपल्याला सवय आहे त्याला पाच मिनिटांत जागाच नाही. मेघमल्हार ठीक. मधुवंतीत कोमल गंधार आणि तीव्र मध्यम यांचा जो हुरहूर लावणारा मेळ आहे, तो ज्युपिटरच्या आवाजात बरा खुलतो.

अडचण येते ती भैरव, ललत आणि तोडी या तिघांत. भैरवातला ऋषभ आणि धैवत आंदोलित असतो; तो स्वर नुसता कोमल वाजवून भागत नाही, तो झुलवावा लागतो. तोडीतला गंधार तर नेहमीच्या कोमल गंधाराहूनही उतरलेला असतो, आणि की-बोर्डच्या पट्टीवर त्या जागी पट्टीच नसते. सिंथेसायझरला स्वर वर-खाली वाकवण्याची दांडी असते, तिचा वापर करून काही जागा मिळवता येतात. पण पाठीमागचा ३०३ सम अंतरांच्या स्वरांतच चालत असल्याने वरचा स्वर वाकवला की खालच्याशी तो बेसूर होण्याचा धोका राहतो. परिणामी तोडी इथे तोडीच्या स्वरांची रचना म्हणून उरते. त्या रागात जी कळ आहे ती लागत नाही. ललतात दोन्ही मध्यम शेजारी-शेजारी असल्याने घसरणीची सोय कामी येते आणि राग निम्मा तरी हाती लागतो.

पेटी शिकवणाऱ्यांना हा वाद ओळखीचा वाटेल. याच कारणासाठी, म्हणजे पेटीच्या स्थिर सुरांत श्रुती आणि मींड सापडत नाही म्हणून, आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला आपल्या केंद्रांवर बंदी घातली होती. आज परभणी केंद्रावरच्या सकाळच्या भजनांत पेटी नसेल अशी कल्पनाही करवत नाही. ज्या संगीतकारांनी पेटीवर आयुष्य घालवले त्यांनी तिच्या उणिवा झाकायच्या युक्त्या शोधल्या, राग निवडून घेतले, आणि काही ठिकाणी सरळ माघारही घेतली. चरणजीत सिंग यांनी यंत्रांबाबत नेमके तेच केले आहे. फक्त भैरव आणि तोडी यांना वगळण्याचा मोह त्यांनी टाळला, याबद्दल त्यांचे कौतुक करावे की तक्रार, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तालाच्या बाजूने माझी तक्रार अधिक स्पष्ट आहे. ८०८ आणि ३०३ दोन्ही यंत्रांत सोळा घरांची चौकट असते, आणि सोळा हा आकडा पाहून त्रितालाची आठवण होणे साहजिक आहे. पण त्रितालात नवव्या मात्रेला खाली येते, डाव्याचा घुमारा थांबतो, आणि त्या रिकामपणातून परत समेकडे येण्याची ओढ तयार होते. इथे प्रत्येक ठोका भरीव आहे. खाली कुठेच नाही. त्यामुळे वरच्या रागात गत कितीही सुंदर बांधलेली असली तरी सम आल्याचे समाधान पुरते मिळत नाही. आल्यासारखे वाटते आणि ठेका पुढे निघून गेलेला असतो. नाचणाऱ्याला हेच हवे असते हे मान्य. बसून ऐकणाऱ्याला मात्र दहाही रागांचा वेग जवळपास सारखा आणि ठेक्याचा स्वभावही तोच असल्याने सहाव्या-सातव्या रागापर्यंत थोडा शीण येतो. एखादा राग मध्य लयीत, एखादा साडेतीन-चार मिनिटे नुसत्या आलापात असता तर रेकॉर्डची उंची वाढली असती. अर्थात मुखपृष्ठावर डिस्कोचे नाव छापून आलाप विकायला कोणती कंपनी तयार झाली असती, हाही प्रश्न आहेच.

ध्वनीची प्रत कशी आहे, हे पाहण्यासाठी मी ही ध्वनिमुद्रिका परभणीत जिंतूर रस्त्यावर एका ओळखीच्या साउंडवाल्याच्या गोदामात लावून पाहिली. आखाडाचे दिवस होते; लग्नसराई उरकली की या मंडळींना जरा सवड असते, आणि बॉक्स, वायरी, जनरेटर सगळे दुरुस्तीसाठी पसरलेले असते. त्याने दोन बेस आणि दोन टॉप जोडले, मिक्सरवरचे सगळे बटण मधोमध आणले आणि कलावती सुरू केला. पहिल्या ठोक्याला बेसच्या जाळीवरची धूळ उडाली. त्याने बॉक्सच्या लाकडावर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच उभा राहिला, आणि मग खर्जाचे बटण वाढवण्यासाठी पुढे केलेला हात त्याने मागे घेतला. “सर, याला वरून काही द्यायची गरज नाही. साफ हाय. कुण्या डीजेनं काढलंय हे, पुण्याच्या का?” असे त्याने विचारले. रेकॉर्ड १९८२ ची आहे असे सांगितल्यावर तो म्हणाला, “काऊन थट्टा करता सर?” मी मुखपृष्ठाचे चित्र फोनवर दाखवले तरी त्याची खात्री पटलेली दिसली नाही.

त्याला दोष देता येत नाही. २०१० साली रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा युरोपातल्या जाणकारांनाही हीच शंका आली होती. एखाद्या आजच्या संगीतकाराने, एफेक्स ट्विनसारख्या खोडकर माणसाने, जुन्या भारतीय रेकॉर्डचे सोंग घेऊन केलेली ही थट्टा असावी, असे कित्येकांनी उघड बोलून दाखवले. या संशयामागे थोडी नकळत अढीही असावी असे मला वाटते. यंत्राचे संगीत पश्चिमेत जन्मते आणि आपल्याकडे उशिरा पोचते, ही समजूत त्यांच्याइतकीच आपल्याही अंगवळणी पडली आहे. वास्तविक डोना समर हिच्यासाठी जॉर्जो मोरोदर यांनी १९७७ साली केलेल्या ‘आय फील लव्ह’ या गाण्यापासून यंत्रावर चालणाऱ्या नृत्यसंगीताची वाट जगभर खुली झालेली होती, आणि ती यंत्रे ज्याच्या हाती पडतील तो त्या वाटेने जाऊ शकत होता. मुंबईच्या स्टुडिओत तो माणूस होता. ज्या देवगिरीच्या दरबारी तेराव्या शतकात शारंगदेवाने संगीताचे शास्त्र लिहिले, त्या देवगिरीच्या प्रदेशातले आपण, आपल्याला तरी रागसंगीताने नवे वाद्य उचलले याचे नवल वाटायला नको.

संशय फिटल्यावर चरणजीत सिंग यांना उतारवयात जे भाग्य लाभले ते आपल्याकडच्या फार थोड्या वादकांच्या वाट्याला येते. सत्तरी ओलांडल्यानंतर त्यांना परदेशातून बोलावणी येऊ लागली, आणि तीस वर्षांपूर्वीचे तेच राग त्यांनी युरोपातल्या रंगमंचांवर, नाचणाऱ्या तरुणांसमोर वाजवले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले आहे ते बहुतेक इंग्रजीत आहे आणि त्यातही भर यंत्रांवर आहे. ते राग कोणाकडे शिकले, कोणाला ऐकत मोठे झाले, मालकंसातल्या त्या जागा कोणत्या घराण्याच्या वळणाच्या आहेत, याची चर्चा एखाद्या मराठी जाणकाराने करायला हवी.

खरेदीविषयी. ज्यांच्याकडे चालू स्थितीतला रेकॉर्ड प्लेअर आहे आणि त्याला बऱ्यापैकी सुई आहे, त्यांनी पुनर्मुद्रित रेकॉर्ड मागवायला हरकत नाही. परदेशातून येणारी रेकॉर्ड असल्याने टपालाचा खर्च आणि जकात धरूनच हिशेब करावा. ज्यांच्याकडे प्लेअर नाही त्यांनी केवळ हौस म्हणून रेकॉर्ड घेऊन भिंतीला लावण्यात अर्थ नाही. इंटरनेटवरची आवृत्ती ऐकायला पुरेशी आहे. मात्र ती फोनच्या स्पीकरवर ऐकू नये. ८०८ चा बेस ड्रम ५० हर्ट्झच्या आसपास घुमतो आणि तो आवाज फोनमधून निघतच नाही. मग खालचा पाया गळून जातो आणि वरची सुरावट एखाद्या स्वस्त खेळण्यातल्या धुनीसारखी वाटू लागते. साधा पण कानावर घट्ट बसणारा हेडफोन चालेल. ओळखीत कोणी साउंडवाला असेल तर फारच उत्तम, फक्त पावसाळा पाहून जावे. डीजे मंडळींनी ठेक्याच्या मापाकडे लक्ष द्यावे : लय यंत्रावर चालत असल्याने ती स्थिर आहे आणि दुसऱ्या गाण्यात मिसळायला सोपी जाते, पण वरच्या सुरावटीची पट्टी जुळवल्याशिवाय मिसळले तर राग आणि गाणे दोन्ही बिघडतील. पेटी शिकणाऱ्या मुलांना शिक्षकांनी आधी भूप ऐकवावा, त्यानंतर तोडी, आणि तोडीतला गंधार गळ्यातून लावून दाखवावा. बाकी कोणी पहिल्यांदाच ऐकणार असेल तर त्याने दुसऱ्या बाजूपासून, म्हणजे मेघमल्हारापासून सुरुवात करावी, आणि भैरवाकडे सावकाश यावे.